दहावा गुण

ऑफिसात त्याला शंकासुर म्हणत. पाठीमागेच नाही, तोंडावरही म्हणत, आणि त्याला त्याचं काही वाटत नसे. मिश्या असत्या तर उलट पीळच दिला असता त्यानं. ग्राहकांसाठी निघणाऱ्या एका मासिकात तो ‘स्वस्त मुक्काम’ नावाचं पान लिहायचा. काम काय, तर खिशाला परवडणाऱ्या हॉटेलांच्या साखळ्या एकमेकींशी ताडून बघायच्या. एकाच नावाची, एकाच रंगाच्या पाटीची हॉटेलं शहरोशहरी निघतात ना, त्यांत साधं गिऱ्हाईक बनून राहायचं. गादी, गरम पाणी, नाश्ता, शांतता, साफसफाई, सगळ्याला दहापैकी गुण द्यायचे आणि लोकांना सांगायचं, की बाबांनो, घेतलेल्या पैशाला कोण जागतं आणि कोण टोपी घालतं.

असल्या कामाला संशयीच माणूस लागतो म्हणा. पण याचा संशय कामापुरता नव्हता. सख्ख्या बहिणीनं चहा पुढ्यात ठेवला तरी आधी वास घेणार. घरी येता-जाता कपाटावरून बोट फिरवणार आणि धुळीनं माखलेलं ते बोट बायकोसमोर धरणार. बोलायचा काही नाही. बोटच काय ते बोलायचं, आणि बायको मान खाली घालून फडकं घ्यायची.

तर एक दिवस संपादिकाबाईंनी या शंकासुराला आत बोलावलं आणि दार लावून घ्यायला सांगितलं. दार लावा म्हटल्याबरोबर त्यानं ओळखलं, की काहीतरी शिजतंय.

“साफसफाईत लाल पाटीला किती दिले होतेत?” बाईंनी विचारलं.

“नऊ.”

“निळीला?”

“नऊ. पिवळीलाही नऊ. साफसफाईत तिन्ही साखळ्या चोख आहेत. फरक पडतो तो गादीत आणि नाश्त्यात.”

बाईंनी टेबलावरचा पत्रांचा गठ्ठा त्याच्याकडे सरकवला. त्यानं वरवर चाळला आणि त्याचे कान तापले. कुणाला लाल पाटीच्या खोलीत पलंगाखाली परक्याचा मोजा सापडला होता. पिवळीतल्या बेसिनमध्ये केसांचं घरटं होतं म्हणे. एका आजोबांनी तर सरळ विचारलं होतं, तुमचा माणूस आंधळा आहे की विकला गेलाय?

“मी काही म्हणत नाही,” बाई म्हणाल्या. असं म्हणणारी माणसं सगळं म्हणून मोकळी झालेली असतात. “पण ऑफिसात कुजबुज आहे. तुम्ही तिन्ही साखळ्या परत एकदा बघून या. या वेळी तुमच्या पाठोपाठ त्याच हॉटेलांत मी दुसरं माणूस पाठवणार आहे. दोघांचे गुण जुळले, तर पान तुमचं. नाही जुळले, तर पान दुसऱ्याला जाईल.”

“आणि लोक मला लाचखाऊ म्हणतील.”

“लोकांच्या तोंडाला मी कुठं हात लावू?”

तो बाहेर आला तो धुमसतच. अहो, ज्या माणसानं कुणाच्या फुकटच्या चहाला कधी ओठ लावला नाही, त्याच्यावर हा आळ! पान गेलं असतं तर एक वेळ त्यानं सोसलं असतं. पण विकला गेला म्हणून पान गेलं, हे मरेपर्यंत कपाळावर मिरवायचं? छे! त्यानं रात्रंदिवस विचार केला आणि निष्कर्ष काढला, की पाणी इथंच कुठंतरी मुरतंय. आपल्या येण्याची बातमी आधीच फुटते. हॉटेलवाले आपली तेवढी खोली लखलखीत करतात आणि बाकीच्या गिऱ्हाइकांच्या नशिबी मोजे येतात. आता फितूर कोण, तेवढं शोधायचं.

गुण देण्याची त्याची रीत त्यानं आजवर कुणालाही सांगितली नव्हती. बायकोलाही नाही. सकाळी नाश्त्याला जाण्याआधी तो खोलीत चार सापळे लावायचा. पलंगाखाली भिंतीच्या कडेला शर्टाचं एक बटण. पडद्यामागे बसचं तिकीट. न्हाणीघरातल्या फरशीवर टूथपेस्टचा ठिपका. आणि कपाटाच्या माथ्यावर अंगाला लावायच्या पावडरची चिमूट. सफाई झाल्यावर येऊन बघायचं, की काय गेलं आणि काय राहिलं. गंमत अशी, की पहिल्या तीन गोष्टी नेमानं जायच्या आणि कपाटावरची पावडर नेमानं राहायची. म्हणून सगळ्यांना नऊ. कपाटाचा माथा कुठल्याही साखळीत कुणी पुसत नाही, यावर त्यानं एकदा अख्खा लेख लिहिला होता.

बटण तो अंगावरच्या नाहीतर बॅगेतल्या शर्टाच्या बाहीचं ओढून काढायचा. पूर्वी ते चटकन निघायचं. हल्ली मात्र कुणी तारेनं शिवल्यासारखी घट्ट झाली होती सगळी. कधीकधी दात लावावे लागत.

बायकोला तो दर वेळी बरोबर न्यायचा, कारण जोडप्यावर कुणी संशय घेत नाही. ही बाई अंगानं एवढीशी, बोलायला मऊ. घरात वरच्या फळीवरचा डबा हवा असला, तर नवरा येईपर्यंत वाट बघायची. हॉटेलात पोचल्यावर तो खाली काउंटरवर भाव, सवलत, नाश्ता, गरम पाण्याची वेळ असले नाना प्रश्न विचारून तिथल्या माणसाचा पिच्छा पुरवायचा, कारण तोही परीक्षेचा भाग. ती बॅगा घेऊन वर जायची. सकाळीही तो आधी खाली उतरायचा, पावाचे तुकडे किती जाड कापलेत ते बघायला. ती म्हणायची, “व्हा तुम्ही पुढे, मी आलेच.”

या खेपेला त्यानं पहिला संशय घेतला तो हिशेबखात्यातल्या कारकुनावर. दर वेळी खोली तोच ठरवायचा. म्हणून लाल पाटीची खोली यानं स्वतः ठरवली, तीही बायकोच्या माहेरच्या आडनावानं. स्टेशनजवळचं हॉटेल, जिन्यावर ओलसर गालिचा, काउंटरवरची मुलगी गरजेपेक्षा जास्त हसणारी. तिचे दात बघूनच त्याला वाटलं, की हिला माहीत आहे. वर आला तर खोली आरशासारखी. बेसिन चकचकीत, खिडकीच्या चौकटीवर बोट फिरवलं तर बोट जसंच्या तसं.

“वा!” तो म्हणाला. म्हणाला खरा, पण मनात म्हणाला, बातमी इथंही फुटलीच. बायको पलंगाच्या कडेवर बसून त्याच्या बोटाकडे बघत होती. तिचा चेहरा एकदम उजळला.

दुसऱ्या दिवशी बटण गेलं, तिकीट गेलं, ठिपका गेला. पावडर राहिली. नऊ! मग मुलगी ओळखते म्हणायची. नाहीतर आपला फोटो यांनी काउंटरखाली चिकटवून ठेवलाय.

निळ्या पाटीसाठी त्यानं आणखी कडेकोट बंदोबस्त केला. खोली ठरवलीच नाही. टॅक्सीत बसल्यावर ड्रायव्हरला बाजारातल्या हॉटेलाचं नाव सांगितलं आणि अर्ध्या वाटेत म्हणाला, “वळवा, पुलापलीकडच्या निळीकडे चला.” ड्रायव्हरनं आरशातून बघितलं तर हा त्याच्याकडेच टक लावून बसलेला. तो बिचारा उरलेल्या वाटेत चकार शब्द बोलला नाही, आणि त्याच्या न बोलण्याचाही याला संशय आला.

तिथंही खोली लखलखीत! आता मात्र तो हादरला. वळवा म्हणेपर्यंत त्याचं त्यालाही नक्की ठाऊक नव्हतं, मग बातमी फुटली कुठून? सकाळी त्यानं करड्या शर्टाच्या बाहीचं बटण उपटलं आणि दाढीच्या ब्लेडनं त्याच्या पाठीवर फुलीची खाच पाडली. हे बटण उचलणारा माणूस आज ना उद्या हाती लागेल, तेव्हा पुरावा हवा. नाश्ता करून, रस्त्यावर एक चक्कर मारून तो परत आला, गुडघे टेकून पलंगाखाली बघितलं. बटण नाही.

गुडघ्यांवर असतानाच फोन वाजला. संपादिकाबाई.

“लाल पाटीला साफसफाईत किती दिलेत?”

“नऊ.”

“आमच्या माणसानं चार दिलेत,” बाई म्हणाल्या. मग थोडं थांबून, “मी काही म्हणत नाही.”

फोन ठेवून तो तिथंच जमिनीवर बसला. टॅक्सी वळली तेव्हा टॅक्सीत तिघं होती. ड्रायव्हर, तो आणि बायको. ड्रायव्हर स्टिअरिंग सोडून कुणाला फोन करणार? उरलं कोण? त्याच्या मनात पाल चुकचुकली. छट्, भलतंच, असं म्हणून त्यानं तिला हाकललं, पण एकदा चुकचुकली की ती पाल काही जात नाही. मग एकेक आठवायला लागलं. ही दर वेळी मागे का राहते? ही आधी वर का जाते? हिची ती कापडी पिशवी. चार दिवसांच्या प्रवासाला अशी फुगलेली का?

बायको बाल्कनीत होती. त्यानं पिशवीकडे हात नेला, तोच मागून आवाज आला.

“अहो! तिला हात लावू नका.”

“का गं? काय आहे त्यात?”

“बायकांचं असतं काहीबाही,” ती म्हणाली, आणि पिशवी उचलून न्हाणीघरात गेली. लग्न झाल्यापासून तिनं त्याच्या हातून कुठली वस्तू अशी काढून घेतली नव्हती.

त्या दिवशी जेवताना तो तिच्याकडे चोरून बघत राहिला. हिला कुणी फोडलं असेल? आणि कशासाठी? हिला काय कमी होतं? यावर त्यानं मनाशी प्रामाणिकपणे विचार करून पाहिला, आणि काय कमी होतं ते आपल्याला माहीतच नाही, हे त्याच्या लक्षात आलं.  सरळ विचारावं, तर तेवढी छाती नव्हती. ‘हो’ म्हणाली तर पुढं काय करायचं?

तिसरी पिवळी. हायवेला लागून असलेली लांबलचक इमारत, व्हरांड्यात दोन्ही बाजूंना एकसारखी दारं, जिन्याच्या तोंडाशी प्लॅस्टिकचं भलंमोठं झाड. सकाळी त्यानं करडा शर्ट घातला, बॅगेतल्या दुसऱ्या शर्टाचं बटण काढून सापळे लावले, आणि बायको म्हणाली, “व्हा तुम्ही पुढे.”

तो पुढे झालाच नाही. झाडामागे जाऊन उभा राहिला. पोटाचा घेर पानांबाहेर येत होता, तो त्यानं श्वास ओढून आत घेतला.

थोड्या वेळानं सफाईवाली बाई तिची ढकलगाडी घेऊन आली. वयानं पोक्त, गुडघे दुखत असावेत अशी चाल. त्यांच्या दारावर तिनं टकटक केली. दार अर्धं उघडलं. आत बायको होती, दिसत नव्हती पण तिचं हळू बोलणं ऐकू येत होतं. दोघी काहीतरी कुजबुजल्या, हसल्या. गाडीच्या आडून बाईचा हात दारात गेला आणि मोकळा बाहेर आला. काहीतरी दिलं! दार बंद झालं, बाई पुढच्या खोलीकडे वळली.

बऱ्याच वेळानं बायको बाहेर आली आणि लिफ्टनं खाली गेली. मग सफाईवाली आली, आत शिरली, आणि गेली तशी जुने टॉवेल घेऊन बाहेर आली. पापणी लवते न लवते तोवर. तो धावत खोलीत गेला. बटण नाही. तिकीट नाही. ठिपका नाही. कपाटावर पावडर.

आता एखाद्या साध्या माणसाला तिथंच उमगलं असतं, नाही का? पण शंकासुराला साधं काही दिसतच नाही. त्याच्या डोक्यात फक्त एकच घोळत होतं. बाईनं बायकोला काहीतरी दिलं. म्हणजे हा सौदा आहे, आणि सौद्यात माझी बायको आहे. बायकोला विचारायची हिंमत नव्हती, तेव्हा तो गेला मॅनेजरकडे.

मॅनेजर कोवळा होता, टायची गाठ अजून आईच बांधून देत असावी असा. शंकासुरानं आपण कोण ते फाडकन सांगून टाकलं. ‘स्वस्त मुक्काम’ हे शब्द ऐकताच पोराच्या तोंडचं पाणी पळालं.

“माझ्या येण्याची बातमी तुम्हाला कुणी दिली? खरं बोला!”

“साहेब, आईशप्पथ, तुम्ही आत्ता सांगितलंत तेव्हा कळलं.”

“मग माझी तेवढी खोली लखलखीत कशी? तुमची ती सफाईवाली एवढ्याशा वेळात झाडून-पुसून जादू करते काय? बोलवा तिला!”

बाई आली, पदराला हात पुसत दाराशी उभी राहिली.

“मावशी, साहेबांची खोली कशी साफ केलीत ते सांगा,” मॅनेजर म्हणाला.

तिनं एकदा शंकासुराकडे बघितलं, एकदा जमिनीकडे.

“मी टॉवेल बदलले, साहेब. बाकी खोली स्वच्छच होती.”

“स्वच्छच होती म्हणजे? म्हणजे झाडली नाहीत तुम्ही? न झाडता दारामागच्या सफाईच्या कार्डावर सही केलीत?”

“सही केली, साहेब. पण खोली खरंच...”

“कुणी केली मग स्वच्छ? भुतांनी?”

बाईनं ओठ घट्ट मिटले. तिला सांगता येण्यासारखं काहीतरी होतं आणि ती ते सांगत नव्हती, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. मॅनेजर शंकासुराकडे वळला. त्याला सुटकेची वाट सापडली होती. “साहेब, झाला प्रकार वाईट झाला. हिला मी आत्ताच्या आत्ता घरी बसवतो. तुम्ही लिहिताना एवढं लिहा, की हॉटेलनं लगेच कारवाई केली.”

बाईचा चेहरा पडला. “साहेब, घरी बसवू नका,” ती म्हणाली. “घरात मी एकटीच कमावती आहे.” पण तेवढंच म्हणाली. जे सांगायचं नव्हतं ते तिनं तेव्हाही सांगितलं नाही.

शंकासुराला खरं तर हवं ते मिळालं होतं. गुन्हेगार समोर उभा होता. संपादिकाबाईंना सांगता आलं असतं, की हॉटेलांतली माणसं मला ओळखून होती, एकीला मी रंगेहाथ पकडलं, आता बोला! पान वाचलं असतं, नाव वाचलं असतं. फक्त हिच्या तोंडून एक नाव निघायला हवं होतं, आणि तेच नाव ऐकायची त्याला भीती होती.

“कुणाला पाठीशी घालताय, बाई?” असं म्हणत तो बाह्या सरसावत पुढं झाला. बाही वर करायची म्हणून त्यानं मनगटावरचं बटण काढायला बोट घातलं, आणि बोट तिथंच अडकलं. खरखरीत काहीतरी लागलं. त्यानं बटण उलटं केलं.

पाठीवर फुली होती.

निळ्या पाटीच्या हॉटेलात, पलंगाखाली, भिंतीच्या कडेला ठेवलेलं बटण. त्याच्याच शर्टाला, त्याच बाहीला, जाड दुहेरी दोऱ्यानं, तारेसारखं घट्ट शिवलेलं. तो ते बघत उभाच राहिला. मग दातांनी ओढून काढलेली सगळी बटणं त्याला आठवली. खोलीत मागे राहणं आठवलं, आधी वर जाणं आठवलं, फुगलेली पिशवी आठवली. आणि आत्ता दारातून आत गेलेला तो हात! काही दिलं होतं खरं. झाडू दिला होता हो, झाडू!

क्षणभर त्याला वाटलं, गप्प राहावं. कुणाला काय कळणार होतं? बाई बोलणार नव्हती. मॅनेजर तिला काढल्याचं लिहायला कागद पुढं ओढून बसलाच होता. त्यानं बाईकडे बघितलं. एका अनोळखी बाईला दिलेल्या शब्दासाठी ती नोकरीवर पाणी सोडायला तयार होती, आणि आपण लग्नाच्या बायकोला साधा एक प्रश्न विचारू शकलो नाही. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

“थांबा,” तो म्हणाला. “खोली हिनं झाडली नाही, कारण माझ्या बायकोनं झाडली. हिचा काही दोष नाही. घरी बसवाल तर तेही छापीन.”

बाईनं सुटकेचा श्वास सोडला. “ताईंनी सांगितलं होतं, साहेबांना कळू देऊ नका,” ती म्हणाली. “म्हणाल्या, मावशी, तुमचे गुडघे दुखतात, द्या इकडे.”

बायको नाश्त्याच्या खोलीत कोपऱ्यातल्या टेबलाशी बसली होती. त्याच्यासाठी आणलेला चहा पुढ्यात गार होत होता. तो समोर बसला आणि मनगट टेबलावर ठेवून बटण उलटं करून दाखवलं.

“हे कुठं सापडलं तुला?”

तिनं वाकून बघितलं. “मागच्या हॉटेलात, पलंगाखाली. अहो, तुमची बटणं किती गळतात! आता दुहेरी दोऱ्यानं शिवते, तरी गळतात.” मग तिला काहीतरी उमगलं आणि चेहऱ्यावरचा रंग उतरला. “मावशींनी सांगितलं?”

“नाही. तिनं नाही सांगितलं. बटणानं सांगितलं.” त्यानं बाहीचं बटण परत सरळ केलं. “मला तुझा संशय आला होता. वाटलं, तू या लोकांना आधी बातमी देतेस. पैसे घेऊन.”

ती टेबलावरचे पावाचे कण बोटानं गोळा करत राहिली.

“मला विचारलं का नाहीत?”

“हो म्हणाली असतीस तर?”

तिनं मान वर करून त्याच्याकडे बघितलं. डोळ्यांत पाणी होतं, रागही होता, आणि राग तिनं लपवला नाही. “इतकी वर्षं एका घरात काढली, आणि हे?”

“चुकलो,” तो म्हणाला. त्याच्या तोंडून हा शब्द इतका क्वचित निघायचा, की त्यालाच तो परका वाटला. “पण तू का करत होतीस गं हे सगळं? पैसे मोजलेत आपण. झाडायला त्यांची माणसं आहेत.”

“पहिल्यांदा केलं ते लाजेनं. आपला पसारा परक्या बाईनं कशाला बघायचा, म्हणून. मग तुम्ही वर आलात, खिडकीवर बोट फिरवलंत आणि ‘वा’ म्हणालात.” ती थांबली. “घरी तुम्ही बोट फिरवता आणि माझ्यासमोर धरता. ‘वा’ कधी म्हणाला नाहीत. पुढल्या हॉटेलात मी परत पुसलं. परत ‘वा’ म्हणालात. मग दर वेळी पुसायला लागले. तुम्हाला ठाऊक नसलं म्हणून काय झालं, मला ठाऊक होतं ना, की ते ‘वा’ माझं आहे.”

 तेवढ्यात फोन वाजला. संपादिकाबाई.

“निळी पाटी. आमच्या माणसाचे तीन. तुमचे किती?”

“माझे नऊ. तुमच्या माणसाचं बरोबर आहे.”

“म्हणजे?”

“म्हणजे मी कुणाकडून छदामही घेतलेला नाही. पण साफसफाईला आजवर दिलेले गुण त्या साखळ्यांचे नाहीत. खोल्या माझी बायको झाडत होती. मला पत्ता नव्हता.”

पलीकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला.

“हे खरं आहे?” बाईंनी विचारलं.

“असली थाप मारायची अक्कल मला नाही, हे तुम्हाला माहीत आहे.”

“पटलं,” बाई म्हणाल्या, आणि त्यांना हसू आवरत नव्हतं. मग आवाज गंभीर झाला. “पण पान आता तुमच्याकडे ठेवता येणार नाही. वाचकांना कारणही सांगावं लागेल. हसतील लोक.”

“छापा,” तो म्हणाला. “नऊ कुणाचे होते, तेही छापा.”

त्यानं फोन ठेवला. पान गेलं होतं. बायको त्याच्याकडे बघत होती, पण आता वेगळ्याच कुतूहलानं.

“नऊ?” तिनं विचारलं. “मला नऊ दिलेत?”

“दर वेळी.”

“आणि दहावा कुठं गेला?”

“कपाटावरचा तो. माथ्यावर पावडर टाकायचो. ती कधीच पुसलेली नसायची.” बोलता बोलता तो थांबला. समोर बसलेली एवढीशी बाई, खुर्चीवर बसली तरी जिचे पाय धड जमिनीला टेकत नव्हते. “तुझा हात पोचत नाही तिथं.”

“घरीही पोचत नाही,” ती म्हणाली. “बोट रोज दाखवलंत. स्टूल कधी आणलंत?”

दोघं वर गेली. खोलीत शिरल्यावर त्यानं हात पुढं केला, आणि तिला न सांगताच कळलं. तिनं पिशवीतून धुऊन घडी केलेलं जुनं फडकं काढून दिलं. कपाटाच्या माथ्यावर त्याचा हात टाचा न उचलता पोचला. पावडर पुसून निघाली, तिच्याबरोबर कुठल्या काळापासूनची धूळही निघाली, आणि तो शिंकला.

“बोट फिरवा,” बायको म्हणाली.

त्यानं फिरवलं.

“दाखवा.”

त्यानं बोट तिच्यासमोर धरलं. तिनं ते धरून उजेडाकडे वळवलं आणि दोन्ही बाजूंनी नीट निरखून बघितलं.

“चालेल,” ती म्हणाली.